कोणाला अडवायचे नाही: ऑप्शन खेळी आणि तिचे ब्लॉकिंग

अमेरिकन फुटबॉलमध्ये धावण्याची साधी खेळी बसवताना पहिली अडचण येते ती आकड्यांची. दोन्ही बाजूंना 11 खेळाडू असतात. पण आक्रमणातला एक जण चेंडू घेऊन धावत असतो आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, तो त्याच्या हाती सोपवून मोकळा झालेला असतो, त्यामुळे वाट करून द्यायला 9 जण उरतात आणि वाट अडवायला 11. ऑप्शन खेळी ही तूट भरून काढते ती एक-दोन बचावपटूंना मुद्दाम मोकळे सोडून. त्यांना कोणी हातही लावत नाही. क्वार्टरबॅक त्यांच्या हालचालीवर नजर ठेवतो आणि ते ज्याच्या अंगावर जातील त्याला चेंडू न देता दुसऱ्याकडे वळवतो. हॉकीत दोन आघाडीवीर एकाच बचावपटूवर चालून जातात आणि तो एकाकडे झुकला की चेंडू दुसऱ्याकडे जातो, तसाच हा हिशेब आहे.

पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच क्वार्टरबॅकच्या हातांकडे जाते. शिकवणाऱ्याने मात्र सुरुवात लाइनपासून, म्हणजे चेंडूलगत आघाडीला उभ्या असलेल्या फळीपासून, करावी, असे माझे ठाम मत आहे. एका बचावपटूला सोडून दिल्यामुळे जो ब्लॉकर, म्हणजे बचावपटूला अडवून वाट करून देणारा, मोकळा झाला, तो कुठे गेला आणि वेळेवर पोचला का, यावरच ऑप्शनचे यश ठरते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांतली मुले हायस्कूलच्या संघात लाइनवर खेळतात, त्यांच्या पालकांनाही हा लेख सामना पाहताना उपयोगी पडावा. लेखात ‘टॅकल’ हा शब्द फक्त लाइनवरच्या जागेसाठी वापरला आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली आणण्याला ‘पाडणे’ असेच म्हटले आहे.

रचना आणि मोजणी

ऑप्शनचे अनेक प्रकार आहेत. मिसुरी विद्यापीठात डॉन फॉरो यांनी 1941 मध्ये स्प्लिट-टी रचना आणली, 1960 च्या दशकात ह्यूस्टनला बिल योमन यांनी व्हीअर रुजवला, 1968 मध्ये टेक्सास विद्यापीठात एमोरी बेलार्ड यांनी विशबोन उभा केला आणि पुढे त्यातूनच फ्लेक्सबोन आला. शिकण्यासाठी फ्लेक्सबोनमधला इनसाइड व्हीअर, म्हणजेच तीन पर्यायांची मूळ ट्रिपल ऑप्शन, सर्वांत सोयीची वाटते, कारण तिच्यात प्रत्येकाचे काम स्वच्छ वेगळे दिसते.

मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल, अशी पाच जणांची लाइन असते. दोघांमधले अंतर साधारण 3 फूट ठेवावे, म्हणजे बचावालाही पसरावे लागते. लाइनमनने नियमात बसेल तितके मागे उभे राहावे. समोरचा कोणत्या दिशेने सरकतो ते पाहायला त्यामुळे क्षणभर जास्त वेळ मिळतो. क्वार्टरबॅक सेंटरच्या लगेच मागे, फुलबॅक त्याच्या मागे सरळ रेषेत, दोन्ही टॅकलच्या बाहेर किंचित मागे एकेक स्लॉटबॅक आणि दोन टोकांना दोन वाइड रिसीव्हर.

आता मोजणी. खेळी ज्या बाजूला जाणार आहे त्या बाजूच्या टॅकलच्या समोर किंवा त्याच्या बाहेर उभा असलेला पहिला बचावपटू एक नंबर, त्याच्या बाहेरचा दोन नंबर आणि मागून मदतीला धावून येणारा, बहुधा सेफ्टी (सर्वांत मागे उभा असणारा बचावपटू), तीन नंबर. एक आणि दोन यांना अडवायचे नाही. एकाकडे पाहून चेंडू फुलबॅकला द्यायचा की नाही ते ठरवायचे आणि दोनाकडे पाहून तो स्वतःकडे ठेवायचा की पिच करायचा, म्हणजे बाजूच्या साथीदाराकडे मागे फेकायचा, ते. तीन नंबरला अडवणे हे स्लॉटबॅकचे काम. क्वार्टरबॅक, फुलबॅक आणि पिच घेणारा दुसरा स्लॉटबॅक वगळता 8 ब्लॉकर उरतात आणि मोकळे सोडलेले दोघे वजा जाता बचावाचे 9. म्हणजे हिशेबाबाहेर राहतो एकच आणि तो बहुतेक वेळा पलीकडच्या टोकाला, खेळीपासून लांब असतो. स्नॅपपूर्वी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन खेळी सुरू करण्यापूर्वी, ही मोजणी बचावाच्या कोणत्याही रचनेवर करता येते. म्हणूनच समोर चार जणांची फळी असो वा तीन जणांची, खेळी बदलावी लागत नाही. मोजणी मात्र पाचही लाइनमननी, दोन्ही स्लॉटबॅकनी आणि क्वार्टरबॅकने एकसारखी केली पाहिजे. एकाने जरी चुकीच्या माणसाला एक नंबर धरले, तर दोघे जण एकाच बचावपटूवर जातात आणि तिसरा सरळ क्वार्टरबॅकच्या छातीवर येऊन आदळतो.

टॅकलचे पहिले पाऊल

खेळीच्या बाजूचा टॅकल हा माझ्या मते या खेळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे, जरी त्याचे नाव समालोचकाच्या तोंडी क्वचितच येते. त्याच्या डोक्यासमोर किंवा बाहेरच्या खांद्यावर डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) उभा आहे, तोच एक नंबर. टॅकलला त्याच्याशी झटायचे नाही. स्नॅप होताच आतल्या पायाने आत पाऊल टाकून, बाहेरचा खांदा खाली घेत, एंडच्या हातांत न सापडता निसटायचे आणि थेट लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावफळीच्या मागे उभ्या असलेल्या बचावपटूकडे, जायचे. एंड हुशार असेल तर तो टॅकलला धरून ठेवण्याचा, निदान ढकलून त्याचा मार्ग वाकडा करण्याचा प्रयत्न करतो, कारण टॅकल अर्धा क्षण जरी रेंगाळला तरी लाइनबॅकर फुलबॅकपर्यंत पोचतो. म्हणून सरावात टॅकलचे निसटणे वेगळे घोटवून घ्यावे. पाऊल लहान, पाठ वाकलेली, आतला हात पुढे. दुसऱ्या पावलाला तो एंडच्या पलीकडे गेलेला असला पाहिजे.

समोरच्या फळीतला आतला माणूस गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा असेल, तर जाता जाता टॅकलने त्याला खांद्याचा धक्का द्यावा. गार्ड आणि टॅकल मिळून त्याला मागे रेटतात आणि गार्डचा ताबा बसला की टॅकल सुटून लाइनबॅकरकडे जातो. या दुहेरी ब्लॉकमध्ये दोघांच्या कमरा एकमेकींना चिकटलेल्या असाव्यात, कारण मधली फट ही लाइनबॅकरला मिळालेली आयती वाट असते. सुटण्याची वेळ नजरेवर ठरते: हात आतल्या माणसावर, डोळे लाइनबॅकरवर, आणि लाइनबॅकर लाइनपर्यंत आला की आपण निघायचे; त्याच्या शोधात आधी धावत सुटायचे नाही.

सेंटर आणि पलीकडचे गार्ड व टॅकल यांचे काम कमी मानाचे पण तितकेच गरजेचे. खेळीच्या दिशेने पाऊल टाकून त्यांनी समोरच्याच्या पुढे डोके न्यावे आणि त्याला मागून येऊन फुलबॅकला पाडू देऊ नये. तिथे कोणाला चीतपट करायचे नाही, फक्त उशीर करवायचा आहे.

फुलबॅक आणि पहिला निर्णय

क्वार्टरबॅक पहिल्या पावलातच फुलबॅकच्या मार्गातून बाजूला होतो, दोन्ही हात लांब करून चेंडू मागे नेतो आणि मान वळवून एक नंबरकडे पाहतो. चेंडूकडे आणि फुलबॅककडे पाहायचे नाही; फुलबॅक येणार हे गृहीत धरायचे. फुलबॅक गार्डच्या पाठीचा रोख धरून, चेंडूसाठी कोपर वर करून पोटाशी जागा करतो आणि धावत येतो. चेंडू त्याच्या पोटाशी टेकला की क्वार्टरबॅक त्याच्याबरोबर चेंडू पुढे सरकवत नेतो आणि पुढच्या पायापर्यंत पोचण्याआधी निर्णय घेतो.

निर्णयाचा नियम एकाच वाक्याचा असावा: एक नंबरचा बचावपटू फुलबॅकला पाडू शकत नसेल तर चेंडू द्यावा. देणे हा नियम आणि काढून घेणे हा अपवाद. नवख्या क्वार्टरबॅकला उलटा मोह होतो, चेंडू आपल्याकडे ठेवावासा वाटतो. म्हणून शंका आली तर देऊन टाकायचे, हे त्याच्या अंगवळणी पाडावे. फुलबॅकला मिळालेले चार यार्ड वाईट नसतात, उशिरा काढून घेतलेला चेंडू मात्र जमिनीवर पडतो. एंडचे काय पाहायचे? त्याचे पाय फसवतात, खांदे सहसा फसवत नाहीत. खांदे आत वळले आणि तो टॅकलच्या पाठोपाठ आत शिरला, की फुलबॅकला पाडायला निघाला असे समजून चेंडू काढावा. खांदे लाइनला समांतर ठेवून तो जागेवर थांबला किंवा क्वार्टरबॅककडे आला, तर द्यावा.

फुलबॅकने या काळात चेंडू हलक्या हाताने सांभाळायचा असतो. घट्ट आवळला तर क्वार्टरबॅकला काढता येत नाही आणि अगदीच सैल सोडला तर दिलेला चेंडू निसटतो. क्वार्टरबॅकचे हात निघाले की मग आवळावा. चेंडू न मिळालेल्या फुलबॅकचे कामही संपत नाही. चेंडू मिळाल्यासारखेच त्याने फटीत शिरावे आणि कोणी अंगावर आला नाही तर लाइनबॅकरला अडवावे.

फुलबॅक किती मागे उभा राहतो यावर हा सगळा वेळ अवलंबून असतो. टेक्सासने 1968 मध्ये विशबोन सुरू केला तेव्हा पहिला सामना ह्यूस्टनशी 20–20 असा बरोबरीत सुटला आणि पुढचा टेक्सास टेककडून 31–22 असा हरला. त्यानंतर फुलबॅक स्टीव्ह वॉर्स्टरला थोडा मागे सरकवले, कारण तो इतक्या लवकर पोचत होता की क्वार्टरबॅकला एंडकडे पाहायला उसंतच मिळत नव्हती. शिवाय बिल ब्रॅडलीच्या जागी जेम्स स्ट्रीटला क्वार्टरबॅक केले. पुढे टेक्सासने सलग 30 सामने जिंकले आणि ही मालिका जानेवारी 1971 च्या कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात नोत्र दामने तोडली. आपल्या संघात चेंडू वारंवार फुलबॅकच्या कमरेवर आदळत असेल, तर क्वार्टरबॅकला बोल लावण्याआधी फुलबॅकची खोली तपासावी.

दुसरा निर्णय: पिच

चेंडू काढून घेतल्यावर क्वार्टरबॅकने बाजूला पळत सुटू नये. त्याने दोन नंबरच्या आतल्या खांद्यावर थेट चाल करावी, म्हणजे त्या बचावपटूला ‘हा की तो’ हे ठरवावेच लागते. तो क्वार्टरबॅकवर आला तर पिच. बाहेरच्या स्लॉटबॅककडे सरकला तर चेंडू काखेत घट्ट धरून आत वळायचे. पिच घेणारा स्लॉटबॅक पलीकडच्या बाजूने स्नॅपच्या जरा आधी हलायला सुरुवात करतो आणि क्वार्टरबॅकच्या बाहेर चार-पाच यार्ड व किंचित मागे, हे अंतर शेवटपर्यंत राखतो. जवळ आला तर एकच बचावपटू दोघांनाही गाठतो. फार मागे राहिला तर पिचला वेळ लागतो आणि यार्ड वाया जातात.

पिच एका हाताने, छातीच्या उंचीवरून, अंगठा खाली वळवत, पिच घेणाऱ्याच्या छातीकडे करावी. ही मागे केलेली फेक असल्यामुळे चेंडू खाली पडला तर तो जिवंत राहतो आणि कोणीही त्यावर झडप घालू शकते. पडता पडता केलेली पिच प्रशिक्षकाने मुळीच खपवून घेऊ नये. दोन नंबर कधी कधी हुशारीने ना इकडे ना तिकडे, दोघांच्या मध्ये मागे मागे सरकत वेळ काढतो, तेवढ्यात त्याच्या मदतीला बाकीचे येतात. अशा वेळी क्वार्टरबॅकने वाट पाहत बसू नये. वळून सरळ पुढे धावावे. आणि तो स्नॅप होताच वाऱ्यासारखा क्वार्टरबॅकवर आला, तर पिच लगेच, धडक बसण्याआधी करावी.

कडेचे ब्लॉकिंग

खेळीच्या बाजूचा स्लॉटबॅक दोन नंबरच्या बाहेरून वळसा घालून तीन नंबरकडे जातो. जाताना त्याने दोन नंबरला चुकूनही स्पर्श करू नये, कारण त्याला अडवले की क्वार्टरबॅकचा निर्णयच नाहीसा होतो. वाइड रिसीव्हर आपल्यासमोरच्या कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) सांभाळतो. आधी पास झेलायला निघाल्यासारखे त्याने वेगाने पुढे जावे, कॉर्नर मागे हटू लागला की वेग कमी करून, पाय पसरून, छाती त्याच्या समोर आणून उभे राहावे आणि हात आत ठेवावेत. कॉर्नर ज्या बाजूला सुटायला पाहतो त्याच बाजूला त्याला जाऊ द्यावे. त्याची पाठ फिरली की पिच घेणारा दुसऱ्या बाजूने निघून जातो. सेफ्टी फार वेगाने खाली येऊन खेळी मोडू लागला, तर दोघांची कामे अदलाबदल करावीत: रिसीव्हर आत येऊन सेफ्टीला अडवतो आणि स्लॉटबॅक बाहेर कॉर्नरकडे जातो.

कमरेखालच्या ब्लॉकबाबत आता फार सावध राहावे लागते. पूर्वी लहान चणीचा स्लॉटबॅक मोठ्या बचावपटूच्या पायात शिरून त्याला सहज पाडत असे आणि ऑप्शन संघांचे ते मुख्य हत्यार होते. महाविद्यालयीन नियमांत 2022 पासून असा ब्लॉक फक्त टॅकल बॉक्सच्या (चेंडूभोवतीच्या ठरावीक चौकटीच्या) आत, लाइनमनना आणि स्थिर उभ्या असलेल्या बॅकनाच करता येतो. कडेला तो पूर्णपणे बंद झाला. बहुतेक राज्यांतल्या हायस्कूलमध्ये चेंडूच्या दोन्ही बाजूंना 4 यार्ड आणि लाइनच्या मागे 3 यार्ड एवढ्याच चौकटीत तो चालतो, तर टेक्सासच्या सरकारी शाळा महाविद्यालयीन नियमांवर खेळतात. एकाने वर धरलेल्या बचावपटूच्या पायात दुसऱ्याने शिरणे हा चॉप ब्लॉक सगळीकडेच गुन्हा असून त्याला 15 यार्डांचा दंड आहे. त्यामुळे आता कडेचे सगळे ब्लॉक उभ्यानेच शिकवावेत. 2022 च्या बदलानंतर आर्मी या लष्करी अकादमीच्या संघाने 2023 मध्ये शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला सेंटरपासून काही यार्ड मागे उभे करून, खेळून पाहिले आणि 2024 मध्ये पुन्हा सेंटरच्या मागे येऊन 12 सामने जिंकले व आपल्या परिषदेचे (महाविद्यालयांच्या गटाचे) विजेतेपद मिळवले. पद्धत मेली, अशी हाकाटी अनेकदा झाली आहे. ती इतक्यात मरणार नाही असे दिसते.

बचावाची उत्तरे

चांगला बचाव प्रत्येकाला एकेक काम नेमून देतो: एक फुलबॅकवर, एक क्वार्टरबॅकवर, एक पिचवर. त्याहून चतुर बचाव कामांची अदलाबदल करतो. एंड फुलबॅकवर तुटून पडतो, क्वार्टरबॅक नियमाप्रमाणे चेंडू काढतो आणि नेमका तिथेच आतला लाइनबॅकर धावत बाहेर आलेला असतो. टॅकल आत लाइनबॅकरला शोधतो, पण तो जागेवर नसतो. याचे उत्तर ब्लॉकिंगमध्येच आहे: टॅकलला आत न पाठवता एंडच्या बाहेरून काढावे, म्हणजे बाहेर येणारा लाइनबॅकर त्याच्या वाटेत सापडतो.

दुसरे उत्तर मिडलाइन. यात मोकळा सोडायचा माणूस एक घर आत सरकतो: गार्डच्या समोरचा किंवा बाहेरच्या खांद्यावरचा. गार्ड त्याला सोडून आत लाइनबॅकरकडे जातो, टॅकल एंडला बाहेर ढकलतो, फुलबॅक सेंटरच्या पाठीमागून सरळ जातो आणि स्लॉटबॅक आतून क्वार्टरबॅकसाठी वाट करतो. ज्या भक्कम माणसाला आपले दोन लाइनमनही हलवू शकत नव्हते, त्याला अडवण्याची गरजच उरत नाही. नेव्ही आणि आर्मीसारख्या लष्करी अकादमींना ऑप्शन इतकी वर्षे मानवली, ती याचमुळे. वजनाच्या मर्यादा आणि पुढची लष्करी सेवा यांमुळे धिप्पाड लाइनमन त्यांच्याकडे फारसे येत नाहीत. नेव्हीचा क्वार्टरबॅक कीनन रेनॉल्ड्स याने 2012 ते 2015 या काळात धावून 88 टचडाऊन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले), ते अशाच लाइनच्या मागून.

शॉटगनमधला झोन रीड

आजकाल टीव्हीवर जास्त दिसतो तो झोन रीड. 1990 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या लहान महाविद्यालयात रिच रॉड्रिगेझ यांनी तो घडवला. यात सगळी लाइन एका बाजूला सरकते आणि मोकळा सोडला जातो तो पलीकडचा एंड. लाइनमनचा नियम असा की समोर कोणी असेल तर त्याला अडवायचे, नसेल तर सरकण्याच्या दिशेने शेजाऱ्याला मदत करून लाइनबॅकरकडे जायचे. एंड रनिंग बॅकच्या मागे लागला तर क्वार्टरबॅक चेंडू ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून निघतो. जानेवारी 2013 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा कॉलिन केपर्निक 181 यार्ड धावला. त्यातला 56 यार्डांचा टचडाऊन याच खेळीवर आला.

शिकवायला हा ट्रिपलपेक्षा सोपा आहे, पण त्यात एकच निर्णय असल्यामुळे कामांची अदलाबदल करणाऱ्या बचावापुढे तो लवकर अडकतो. तेव्हा टाइट एंडने (आक्रमणाच्या लाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूने) बचावाच्या एंडला न शिवता त्याच्या बाहेरून जावे आणि त्याला, धावून येणाऱ्या लाइनबॅकरवर पाठवावे. पासचा पर्याय जोडायचा असेल तर लाइनमनवर लक्ष ठेवावे: पास होण्याआधी महाविद्यालयीन खेळात ते 3 यार्डांपलीकडे आणि एनएफएलमध्ये 1 यार्डापलीकडे जाऊ शकत नाहीत.

सराव आणि सामना

सरावात क्वार्टरबॅक, फुलबॅक आणि सेंटर यांनी रोज पहिल्या निर्णयाचा सराव करावा. प्रशिक्षकाने स्वतः एक नंबरच्या जागी उभे राहून कधी आत शिरावे, कधी थांबावे, कधी उशिरा वळावे. उशिरा वळण्याने क्वार्टरबॅकचा उतावळेपणा लगेच उघडा पडतो. लाइनचा सराव आधी चालत घ्यावा, समोर बचावाची रचना बदलत राहावी आणि प्रत्येकाला आपला माणूस मोठ्याने सांगायला लावावे. चेंडू ओला करूनही सराव घ्यावा, कारण पावसातल्या सामन्यात पिचची भीती मनात बसली की क्वार्टरबॅक प्रत्येक वेळी आतच वळतो आणि दोन नंबरला ते कळायला वेळ लागत नाही.

सामन्याच्या सुरुवातीला मूळ खेळी दोन्ही बाजूंना चालवून पाहावी आणि एकाच माणसाने वरून एवढेच टिपावे: फुलबॅकला कोण पाडतो, क्वार्टरबॅकला कोण, पिचला कोण. फुलबॅकला सेफ्टी पाडू लागला तर त्याच्या मागची जागा रिकामी आहे; पुढच्या वेळी तीच खेळी दाखवून स्लॉटबॅकला त्याच्या डोक्यावरून पास द्यावा.